वहिनींची नाव आणि झोपणारी पेटी

आमच्या धक्क्यावर माझ्या वहिनींना सगळेच वहिनी म्हणतात. शिंपीकाका म्हणतात, दवाखान्यातल्या परिचारिका म्हणतात, नातीच्या वयाच्या शाळकरी मुली म्हणतात. आणि ज्या बंदर निरीक्षकाने त्यांच्या पोटावर पाय देण्याचा घाट घातला, तोही समोर आला की ‘वहिनी’ असेच म्हणत असे. खरा दीर मी एकटा. परंतु ज्या नात्यावर अख्ख्या धक्क्याने हक्क सांगितला आहे, त्यावर वेगळा दावा लावण्यात अर्थ नसतो. आणि दावे लावून पदरात काय पडते, हे मला इतरांपेक्षा अधिक ठाऊक आहे.

वहिनी प्रवासी नाव चालवतात. नदी समुद्राला मिळते तिथे पाणी एवढे रुंद आहे की पलीकडच्या माणसाने हात हलवला तर तो बोलावतो आहे की निरोप देतो आहे, हे कळत नाही. इथे पूल बांधण्याची घोषणा माझ्या बालपणी झाली होती. तिचे पुढे काय झाले, हे विचारणारी माझी पत्रे कुठल्या तरी कपाटात सुरक्षित असतील. पूल नाही म्हणून नाव आहे, आणि नाव आहे म्हणून दोन्ही काठांची माणसे एकमेकांना अजून ओळखतात.

नाव माझ्या वडिलांची. ते थकल्यावर ती माझ्या थोरल्या भावाकडे, दादाकडे आली. दादा उत्तम नाविक होता. पण ऐन उमेदीत त्याला काचबिंदू झाला. समोरचे दिसे, बाजूचे दिसेना. नळीतून जग पाहणाऱ्या माणसाच्या हाती भरल्या नावेचे सुकाणू देता येत नाही, हे त्याला स्वतःलाच आधी कळले. तो धक्क्यावरच्या तिकिटाच्या खोपटात बसू लागला आणि सुकाणू वहिनींनी धरले. त्यांचे माहेर डोंगराच्या पोटात. लग्नापूर्वी त्यांनी पाणी पाहिले ते बादलीत.

पहिल्या दिवशी नावेत कोणी चढले नाही. “बाईमाणूस, त्यात पोहता येत नाही,” असे लोक एकमेकांना मोठ्याने सांगत होते. वेळ झाली तसा वहिनींनी दोर सोडला आणि रिकामी नाव पलीकडे नेली, पलीकडून रिकामीच परत आणली, आणि पुढच्या वेळेला पुन्हा नेली. डिझेल जळते म्हणून दादा कुरकुरला, तेव्हा त्या म्हणाल्या, “अहो, नाव वेळेवर सुटते एवढं तरी लोकांना कळू दे. मी बुडते की नाही ते त्यांना काठावरूनच बघू दे.” असे किती दिवस चालले ते आता कोणी नीट सांगत नाही. शेवटी पहिला प्रवासी मिळाला तो शिंपीकाकांच्या रूपाने. लग्नाचे कपडे पोचवायचे होते आणि नवरदेव पलीकडे नुसत्या सदऱ्यावर खोळंबला होता.

“काका, घाबरू नका,” वहिनी म्हणाल्या.

“घाबरलंय कोण? मला उशीर झालाय.”

पुढे हेच शिंपीकाका “मी तिला पहिल्या दिवसापासून ओळखलं होतं” असे सर्वांना सांगू लागले. वहिनींनी ते कधी खोडून काढले नाही.

वहिनींना नाव चालवायला शिकवले ते माझ्या वडिलांनी. वहिनी त्यांना मामंजी म्हणत. ते वहिनींना डोळे मिटायला लावून नाकाडावर, म्हणजे नावेच्या पुढच्या टोकावर, बसवत आणि विचारत, “आता सांग, डाव्या अंगाला काय आहे?” वडिलांच्या काळातले इंजिन जुन्या बांधणीचे. ते सुरू असले की पाण्याखालचा पंखा फिरणार आणि बंद केले की थांबणार. मधली अवस्था त्याला ठाऊक नव्हती. आमच्या धक्क्याजवळ लहान होड्या नांगरलेल्या असतात आणि त्यांचे दोर पाण्याखाली वेलींसारखे पसरलेले असतात. त्यात पंखा अडकला की नाव गेली. म्हणून भरती चढत असली की वडील काठावरच्या मोडक्या भिंतीपाशी इंजिन सरळ बंद करत. आधीच्या वेगाने आणि चढत्या पाण्याने नाव पुढे येई, आणि धक्क्याच्या जरा अलीकडे पाणी उलटे वळते तिथे आपोआप मंदावून दगडाला अलगद टेकत असे. धक्का बसला नाही म्हणून उतरायचे विसरलेले प्रवासी मी पाहिले आहेत. ओहोटीला मात्र पाणी विरुद्ध असते. तेव्हा शेवटपर्यंत इंजिन लागते.

पुढे नवीन इंजिन आले. त्यात पंखा थांबवून इंजिन चालू ठेवता येते. दादाने ते सांगितले. वहिनींनी भरतीला इंजिन बंद करणे सोडले नाही.

“आता कशाला?” दादाने विचारले.

“ऐकायला,” वहिनी म्हणाल्या.

याचा अर्थ आम्हांला एका सकाळी कळला. धुके होते. मोडक्या भिंतीपाशी इंजिन बंद झाले, आणि वहिनींनी एकाएकी सुकाणू पूर्ण वळवले. नाकाडाच्या अगदी कडेने एक होडगे निसटून गेले. त्यात गळ टाकून बसलेला एक गृहस्थ गाढ झोपला होता आणि घोरत होता. वहिनींनी ते घोरणे ऐकले होते. घोरण्यामुळे लोकांचे संसार मोडल्याचे ऐकिवात आहे. घोरण्यामुळे जीव वाचलेला माणूस मी तो एकच पाहिला.

एवढी पार्श्वभूमी सांगितल्याखेरीज पेटीचे प्रकरण कळणार नाही.

प्रत्येक प्रवासी नावेत एक पेटी असली पाहिजे, असा बंदर कचेरीने नियम काढला. पेटीत तळहाताएवढा, एकाच पट्टीवर सगळे बसवलेला संगणक होता. नाव कुठे आहे ते तो कचेरीला सतत कळवी, आणि कचेरीतल्या पडद्यावर नावेचा ठिपका सरके. नियमात मला काही वावगे दिसले नाही. नावेवर माणसे असतात. ती कुठे आहेत हे कोणाला तरी ठाऊक असावे. वावगे होते ते पुढेच. पेटी चालकाच्या बैठकीखाली, दार लावून, वर कचेरीचे सील ठोकून बसवण्यात आली. ती चालू आहे की बंद, हे चालकाला दिसू नये अशी तिची रचना होती. पण ती बंद पडली तर जबाबदार चालकच.

हिवाळा लागला तसा निरीक्षक धक्क्यावर आला. इस्त्रीचा सदरा, खिशाला चार पेने, त्यांतले लिहिणारे एकच.

“वहिनी, मोडक्या भिंतीपासून धक्क्यापर्यंत तुम्ही पेटी बंद करता.”

“कोणती पेटी? जिचं कुलूप तुमचं, सील तुमचं, किल्ली तुमची, ती?”

“ठिपका दिसत नाही.”

“नाव दिसते ना? तुमच्या खिडकीखालूनच जाते. खिडकीतून बघा की.”

“खिडकीतून बघितलेलं धरत नाहीत.” तो हे गंभीरपणे म्हणाला. “त्या पट्ट्यात काठाला जुनी गोदामं आहेत. लोक बोलतात, की तिथं जकात चुकवून माल उतरतो.”

“माझ्या नावेतून? माझ्या नावेत शिंपीकाकांच्या गाठोड्याशिवाय माल चढत नाही, आणि तेही ते मांडीवर घेऊन बसतात.”

निरीक्षकाने नियम सांगितला. सुनावणीत साहेबांपुढे उभे राहायचे आणि ‘चूक झाली, पुन्हा होणार नाही’ असे म्हणायचे. तसे म्हटले तर पहिल्या वेळी समज देऊन सोडतात. न म्हटले तर परवाना स्थगित. म्हटल्यानंतर पुन्हा तसेच घडले, तर परवाना कायमचा रद्द. हे सांगून त्याने सौम्य स्वरात पुस्ती जोडली, “सगळे म्हणतात हो. म्हणून टाका.”

“सगळ्यांच्या चुका झाल्या असतील,” वहिनी म्हणाल्या. “माझी झालेली नाही.”

पेट्या बसवण्याचा ठेका ज्याच्याकडे होता त्याचा एक कारागीर होता. पेटीतल्या त्या पट्टीला बोर्ड म्हणतात, म्हणून धक्का त्याला बोर्डवाले म्हणे. कृश, चाळिशीचा, स्क्रू ओठांत धरून त्यांच्या फटीतून बोलणारा. संगणकाचा उल्लेख तो ‘हा’ असा घरच्या माणसासारखा करी. वहिनींनी त्याला बोलावून घेतले. कचेरीकडून परवानगी घेऊन त्याने सील काढले, पेटी उघडली आणि बोट लावून पाहिले.

“ह्याला उकडतंय. खालून इंजिनाची गरम नळी गेलीय. फार तापला की हा काम सोडतो.”

त्याने पेटी नळीपासून दूर सरकवली, तिला भोके पाडली, आत अंगठ्याएवढा पंखा बसवला. पेटी पुन्हा बंद पडली, तीही गारठ्याच्या सकाळी. म्हणजे उष्णतेचा दोष नव्हता.

मग त्याने विजेच्या तारा पाहिल्या. खाऱ्या हवेने खटक्यांवर हिरवी पूड चढली होती आणि तार सुतळीसारखी बारीक होती. “बॅटरीकडून निघताना पोटभर, पोचताना अर्धपोटी,” तो म्हणाला. त्याने जाड तार ओढली, खटके नवे लावले, त्यांवर मेण चोपडले. पेटी पुन्हा बंद पडली.

“वाटेत नाव कधी बंद पडते का? थांबवता का कुठे?” त्याने विचारले.

“माझी नाव आजवर वाटेत थांबलेली नाही,” वहिनी म्हणाल्या, आणि त्यात तसूभरही असत्य नव्हते.

तिसऱ्या खेपेस त्याने संगणकाची आतली आठवण वाचली. निरीक्षक त्या वेळी धक्क्यावरच होता. अशा वेळी तो असतोच. बोर्डवाल्याने ओठांतले स्क्रू काढून हातात घेतले, त्यावरूनच प्रकरण गंभीर असल्याचे मला कळले.

“वहिनी, हा मरत नाही. हा झोपतो.”

“म्हणजे?”

“वीज अचानक तुटली तर हा मरतो. मग उठताना कण्हतो, ह्याचं आठवणीचं कार्ड बिघडतं. हे कार्ड नव्यासारखं आहे. प्रत्येक वेळी हा सगळं आवरून, दिवे मालवून, नीट निजलाय. कोणीतरी ह्याला सांगतंय, की आता झोप.”

“कोण सांगतंय?”

त्याने वहिनींच्या बैठकीकडे पाहिले आणि नजर काढून घेतली.

“हेच तर मी पहिल्यापासून म्हणतोय,” निरीक्षक म्हणाला.

दुसऱ्या दिवशी निरीक्षक आणि बोर्डवाला दोघेही नावेत बसून आले. पेटीचे दार उघडे ठेवले होते. आत हिरवा दिवा लुकलुकत होता. वेळ निरीक्षकाने स्वतःच्या सोयीची निवडली होती, आणि पाणी उतरत होते. वहिनी इंजिनाच्या जोरावर थेट धक्क्यापर्यंत आल्या. हिरवा दिवा एकदाही विझला नाही. नाव बांधून इंजिन बंद केल्यावर थोड्या वेळाने तो विझला, आणि तसा तो विझायलाच हवा होता.

“परवा सकाळी बंद, काल दुपारच्या आत बंद,” निरीक्षक बोटांवर मोजत म्हणाला, “आणि आज आम्ही बसलो तर ठणठणीत. म्हणजे पहारा असला की पेटी शहाणी.”

नावेतली माणसे खाली पाहू लागली. परिचारिकांपैकी एक, जिच्या कामाच्या पाळीनुसार वहिनी वर्षानुवर्षे नाव क्षणभर रोखून धरत आल्या, तीसुद्धा वहिनींची नजर चुकवून उतरली. अपराध सिद्ध व्हावा लागत नाही. तो कोणी मोठ्या आवाजात उच्चारला की शेजाऱ्यांना पुरतो. चोर सोडून संन्याशाला सुळी देणारे कोणी निराळे लोक नसतात. ते आपल्याच नावेत बसतात आणि आपल्यालाच सुटे पैसे मागतात.

त्या संध्याकाळी मी दादाकडे गेलो. स्वयंपाकघरात ओट्यावर तो पाय सोडून बसला होता आणि वहिनी खाली बसून शेंगा सोलत होत्या. सुनावणी दोन दिवसांवर आली होती.

“म्हणून टाक ना,” दादा म्हणाला. “दोन शब्द. जीभ झिजते का?”

“आज म्हणीन. उद्या पेटी पुन्हा झोपली तर? झोपणारच, का झोपते ते कोणाला कळलंय? मग उद्या कोणते दोन शब्द म्हणू?”

“तोवर काहीतरी होईल.”

“तोवर नाव जाईल. अहो, चूक मान्य करून वाचायचं तर चूक तरी आपली पाहिजे. परक्याचं पोर कडेवर घेऊन किती चालायचं?”

“आणि स्थगित केला परवाना तर? माझे डोळे हे असे. घर कशावर चालायचं?”

वहिनींच्या हातातली शेंग तशीच राहिली. मला वाटले, आता त्या मानतील. पण त्या निराळ्याच विचारात होत्या.

“भाऊजी,” त्या माझ्याकडे वळल्या, “तो निरीक्षक काय म्हणाला? परवा सकाळी, काल दुपारच्या आत?”

“हो.”

“आणि आज नाहीच.” त्यांनी दादाकडे पाहिले. “अहो, काल दुपारच्या आत पाणी कुठं होतं?”

दादाचे खोपटे खांबांवर उभे आहे. डोळ्यांनी दगा दिल्यापासून तो पायाखालच्या फळ्यांच्या आवाजावरून पाणी ओळखतो. “चढत होतं,” तो लगेच म्हणाला. “परवा सकाळीही चढतंच होतं.”

“आणि आज ते बसले तेव्हा?”

“उतरत होतं.” दादा ओट्यावरून खाली उतरला. “अगं, म्हणजे भरतीला झोपते?”

“भरतीला झोपते. का, ते मला माहीत नाही. पण त्याला भरतीला नावेत बसवल्याशिवाय मी सुनावणीच्या खोलीत उभी राहणार नाही. शेंडी तुटो की पारंबी.”

सकाळी त्यांनी निरीक्षकाला कचेरीच्या पायरीवर गाठले. त्याने आढेवेढे घेतले. “परीक्षेची वेळ तुम्ही ठरवणार?”

“पेपर तुम्ही काढलात, उत्तरंही तुम्हीच लिहिलीत. वेळ तरी आमची असू द्या.”

शिंपीकाका तिथे होते. ते म्हणाले, “साहेब, बसा हो. तुम्हाला कुठं पोहावं लागणार आहे?” चार लोक हसले, आणि हसे होण्याची भीती या कचेरीत कायद्याहून मोठी असल्यामुळे तो बसला.

पाणी चढत होते. पेटीचे दार उघडे. समोर बोर्डवाला गुडघ्यांवर बसलेला, ओठांत स्क्रू. निरीक्षक वहिनींच्या दोन्ही हातांवर डोळे रोवून उभा. त्या हातांनी सुकाणूखेरीज कशालाही स्पर्श केला तर तो पाहणार होता. मोडकी भिंत आली. वहिनींनी, आजवर हजारदा केले तसे, किल्ली फिरवली आणि इंजिन बंद केले.

एकदम शांतता झाली. बोर्डवाल्याने मान वर केली.

“काय झालं? इंजिन बंद पडलं?”

“पडलं नाही. मी केलं.”

“का?”

“आता लागत नाही.”

“पण आपण चाललोय.”

“मग? माझी नाव वाटेत थांबत नाही, सांगितलं होतं की तुम्हाला.”

बोर्डवाल्याचे तोंड उघडे राहिले आणि स्क्रू तळावर पडून गडगडत गेले. तो पेटीकडे बोट दाखवू लागला. हिरवा दिवा काही वेळ शांत होता. मग भराभरा लुकलुकला आणि विझला. काठावरची गोदामे, कचेरीची खिडकी, नांगरलेल्या होड्या, सारे आमच्या बाजूने निःशब्द सरकत होते. कुठेतरी वल्ह्याचा आवाज आला, तसे वहिनींनी सुकाणू किंचित उजवीकडे घेतले.

“किल्लीवरून एक तार ह्याच्याकडे येते,” बोर्डवाला म्हणाला. तो स्वतःलाच सांगत असावा. “इंजिन बंद म्हणजे प्रवास संपला, थोडं थांब आणि झोप, असं ह्याला शिकवलंय. धक्क्यावर बॅटरी उतरू नये म्हणून. बिचारा सांगितलेलं करत होता. मी विचारलं नाव थांबते का. इंजिन थांबतं का हे विचारलंच नाही. कोण विचारेल? चालत्या गाडीचं इंजिन कोण बंद करतं?”

“गाडीचं?” वहिनींनी विचारले.

“जोडणीचा नकाशा कचेरीने मंजूर केलेला आहे. मूळचा मालमोटारींचा. त्यातच नाव बसवली.”

निरीक्षकाला जे ऐकायचे होते तेवढे त्याने ऐकले होते. “म्हणजे पेटी तुमच्यामुळेच बंद पडते,” तो म्हणाला. “झालं तर. उद्यापासून धक्क्यापर्यंत इंजिन चालू ठेवा आणि सुनावणीत चूक झाली म्हणा. मुद्दाम केलं नाही हे मी सांगतो साहेबांना. माझ्याकडून एवढं.”

“नाही.”

“नाही म्हणजे?”

“इंजिन बंद होणार. खाली दोर आहेत, पुढं होड्या आहेत, आणि बाजूचं मला ऐकू आलं पाहिजे. मालमोटारीचा कागद नावेला लावला तो तुम्ही. नाव कागदासारखी चालवणार नाही मी. कागद नावेसारखा करून आणा.”

नाव दगडाला टेकली. शिंपीकाका गाठोडे उचलत म्हणाले, “साहेब, उतरा. पोचलो आपण.”

सुनावणीची खोली कचेरीच्या वरच्या मजल्यावर आहे. लांब टेबल, त्यावर हिरवे कापड, कापडावर वर्षानुवर्षांच्या कपांची वर्तुळे. खिडकीच्या काचेवर खाऱ्या हवेचा थर एवढा, की पलीकडे पाणी आहे हे माहीत असणाऱ्यालाच ते दिसावे. भिंतीवर तो पडदा, आणि पडद्यावर ठिपके. साहेब सभ्य होते. सभ्य अधिकाऱ्याशी भांडणे अधिक अवघड असते, कारण तो आपल्याला बसायला खुर्ची देतो. वहिनी बसल्या नाहीत.

“कारागिराचं म्हणणं मी ऐकलं,” साहेब म्हणाले. “तुम्ही जाणूनबुजून केलं नाही, मान्य. तार किल्लीवरून काढून बॅटरीच्या मुख्य खटक्यावर घ्या, त्यालाही माझी हरकत नाही. पण नोंद झालीय, ती मिटवायला काहीतरी लागतं. चूक झाली म्हणा, समज देतो आणि विषय संपवू.”

“साहेब, हे शब्द या खोलीत कोणीतरी बोलायलाच पाहिजेत, हे मला पटतं,” वहिनी म्हणाल्या. “कोणी बोलायचे, तेवढंच ठरवू.”

साहेबांनी निरीक्षकाकडे पाहिले, निरीक्षकाने पडद्याकडे. दाराजवळ उभा असलेला बोर्डवाला पुढे आला. त्याची नोकरी ठेकेदाराकडे, ठेका कचेरीचा, आणि हे तो जाणून होता.

“चूक झाली,” तो म्हणाला. “तार मी लावली.”

“तुम्ही मागं व्हा,” वहिनी त्याच्यावर जवळजवळ ओरडल्या. “दिला तसा नकाशा जोडलात, आणि बिघडलं तेव्हा गुडघ्यांवर बसून शोधलंत. तुमच्याकडून कोण मागतंय?” मग त्या साहेबांकडे वळल्या. “आमच्या नावेखाली येता येता एक माणूस वाचलाय, झोपेत घोरणारा. इंजिन चालू असतं तर तो मला ऐकू आला नसता. ह्या सवयीला मी चूक म्हटलं, तर ती सोडावी लागेल, आणि उद्या दुसरा कोणी बुडेल तेव्हा मी बरोबर ठरेन. मला तसलं बरोबर ठरायचं नाही.”

साहेबांनी पेन फिरवले, खिडकीकडे पाहिले, निरीक्षकाच्या कानात काही सांगितले. परवाना स्थगित झाला नाही. कागद टंकून आला आणि निरीक्षकाने तो वहिनींपुढे धरला. वहिनींनी तो माझ्याकडे दिला. “भाऊजी, मोठ्यानं वाचा.”

मी वाचला. परवाना पुढे चालू, तार हलवण्यास मंजुरी. आणि शेवटी एक ओळ: ‘चालकाच्या सदोष सवयीमुळे उद्भवलेला प्रकार निकाली काढण्यात येत आहे.’ मी आयुष्यभर अशा ओळी वाचत आलो आहे. त्या नेहमी शेवटी असतात, आणि हायसे वाटलेला माणूस तिथवर वाचत नाही.

“ही ओळ काढा,” वहिनी म्हणाल्या.

“वहिनी, आता पुरे,” निरीक्षक म्हणाला. “औपचारिक आहे ते.”

“मग काढायला काय हरकत आहे?”

“कागद घेतला नाहीत तर नाव सोडता येणार नाही.”

वहिनींनी कागद हिरव्या कापडावर, एका वर्तुळाच्या बरोबर मधोमध ठेवला. “नाव सुटायची वेळ झालीय. माणसं थांबलीत. अडवायचं असेल तर खाली या आणि सगळ्यांदेखत दोर धरा.” आणि त्या जिना उतरून गेल्या.

खाली कोणी दोर धरायला आले नाही. बोर्डवाल्याने आदल्या संध्याकाळीच तार मुख्य खटक्यावर घेऊन ठेवली होती. मंजुरीची वाट त्याने का पाहिली नाही, हे मी त्याला विचारले नाही. मी वरच थांबलो, कारण मला पाहायचे होते. परतीच्या खेपेला पाणी चढत होते. मोडक्या भिंतीपाशी इंजिनाचा आवाज थांबला. साहेब खिडकीपाशी गेले, बोटाने काचेवरचा थर पुसला आणि त्या भोकातून पाहू लागले. भिंतीवरच्या पडद्यावर ठिपका सरकत होता. खिडकीखालून नाव सरकत होती. दोन्ही आवाज न करता. धक्क्यापर्यंत ठिपका एकदाही मालवला नाही.

दुसऱ्या दिवशी निरीक्षक स्वतः कागद घेऊन धक्क्यावर आला. शेवटच्या ओळीवर शिसपेन्सिलीने एक बारीक रेघ मारलेली होती. वहिनींनी कागद उजेडात धरला, तिरका करून पाहिला आणि परत त्याच्या हातात दिला.

“शाईनं,” त्या म्हणाल्या.

तो खिसा चाचपू लागला. शिंपीकाकांनी सुचवले, “चारांतलं ते डावीकडचं लिहितं, साहेब.” पण निरीक्षक तसाच वळला आणि गेला. वहिनींनी दोर सोडला. कागद नसलेली नाव त्या दिवशी आणि त्यानंतरही वेळेवर सुटत राहिली. शेवटी तो कागद आला तो शिपायाच्या हातून. ओळीवर शाईची जाड, काळी पट्टी होती. ‘चूक झाली’ हे दोन शब्द कचेरीच्या माणसांपैकी आजतागायत कोणी बोललेले नाहीत. वहिनींनी कागद घडी करून दादाकडे तिकिटाच्या खोपटात दिला आणि म्हणाल्या, “ठेवा. आणि पाण्याचं सांगा.”

“चढतंय,” दादा म्हणाला.